नीडलवर्क खोडून

कॉलेजच्या अर्जात एक रकाना होता, अभ्यासाखेरीज आणखी काय करता, असा. माझ्या वर्गातल्या मुलींनी तो पाच मिनिटांत भरून टाकला. वीणा, भरतनाट्यम, थ्रोबॉल. मी लिहिलं, शिलाई मशीनची दुरुस्ती. खरं तेच लिहिलं होतं आणि तिथंच घोडं अडलं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मल्लेश्वरममध्ये अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टेलरिंगचं दुकान होतं. आमच्या घरची रीत अशी की पुरुषांनी मशीनवर बसायचं आणि बायकांनी घरी काज-बटण करायचं, कडा दुमडून हेम घालायचं. मला यातलं काहीच कधी जमलं नाही. माझं हेम इतकं वाकडं जायचं, की आई न बोलता ते उसवायची आणि पुन्हा घालायची. मला आवडायचं ते मशीन उघडणं. मेकॅनिक आला की मी त्याच्या शेजारी ठाण मांडायची आणि तो मला हाकलायचा. एकदा ऐन लग्नसराईत मशीन टाके सोडायला लागलं आणि हा गृहस्थ गावी आनेकलला जाऊन बसलेला. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, मशीन उघडलं आणि दोन तासांनी ते सुरळीत चाललं. अण्णांनी एका चिंधीवर टीप मारून पाहिली, "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि कामाला बसले. मी काय केलं, ते विचारलं नाही. पुढं दुकानातली तिन्ही मशीनं आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांची मशीनं माझ्याकडेच येत गेली.

अर्जावर आमच्या हेडमिस्ट्रेसची सही लागायची. त्यांनी तो रकाना वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुलीच्या जातीला हे शोभत नाही, शाळेचं नाव जाईल, असं त्या कन्नडमध्ये बरंच काही बोलल्या. मग माझ्यासमोर माझं अक्षर खोडून वर 'नीडलवर्क' लिहिलं आणि सही ठोकली. मी घरी येऊन थयथयाट केला. अण्णांना मात्र ते पटलं होतं. टेलरच्या मुलीला शिवता येत नाही, अशी शंका कोणाला येणार, असं त्यांचं म्हणणं.

मुलाखतीचं पत्र आलं. सोबत कामाचा नमुना आणावा, असं त्यात लिहिलेलं होतं. मला सायन्सची सीट हवी होती, फिजिक्स शिकायचं होतं. त्या वर्षी सीट मिळाली नसती, तर आत्याने आणलेलं स्थळ दारातच उभं होतं. अण्णांनी हे सगळं ओळखलं. गिऱ्हाइकांची कामं मागे ठेवून तीन दिवस बसले आणि लहान मुलीचा एक फ्रॉक शिवला, सगळा हातशिलाईचा. छातीवर बारीक चुण्या, मोत्यासारखी काजं. कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

मी तो नेला. खोटं आहे हे माहीत असून नेला. याचं खापर मी हेडमिस्ट्रेसवरही फोडत नाही आणि अण्णांवरही नाही.

मुलाखतीला टेबलामागे प्रिन्सिपल होते आणि त्यांच्या शेजारी एक बाई प्राध्यापक. बाईंनी फ्रॉक हातात घेतला, वाखाणला आणि ज्याला शिवणातलं कळतं तो जे करतो तेच त्यांनी केलं. फ्रॉक उलटा करून आतली बाजू पाहिली. कॉलरच्या आत आमच्या दुकानाचं लेबल होतं. रेशमी, चारी बाजूंनी नीट टाचलेलं, दुकानाचं नाव आणि खाली मल्लेश्वरम. पंचवीस वर्षं प्रत्येक कपड्याला ते लावणाऱ्या हातांनी याही कपड्याला लावलं होतं.

दुकान कोणाचं, असं प्रिन्सिपलांनी विचारलं. वडिलांचं, मी सांगितलं. म्हणजे तुम्ही बाप-लेक मिळून आम्हाला फसवायला निघालात, असं ते म्हणाले. रडले असते तर कदाचित सुटले असते. पण मला रडू येईना, रागच आला. आणि तो राग सगळ्यात जास्त माझाच मला आला होता.

मी म्हणाले, "फ्रॉक वडिलांनी शिवला. मला शिवता येत नाही. मला शिवायचं मशीन दुरुस्त करता येतं आणि मी तेच लिहिलं होतं."

प्रिन्सिपलांनी अर्ज उजेडाकडे धरला. खोडलेली अक्षरं खाली दिसत होती. हे मेकॅनिकचं काम झालं, या रकान्यात ते बसत नाही, असं ते म्हणाले. बाईंनी मध्येच विचारलं, त्यांच्या घरचं मशीन टाके सोडतं, ते का? मी सांगितलं. सुई खालून वर यायला लागते तेव्हा दोऱ्याचा बारीक फास होतो आणि खालचा दोरा फिरवणाऱ्या शटलच्या टोकाने त्याच क्षणी तो पकडायचा असतो. सुईची उंची जराशी हलली तरी वेळ चुकते. बाईंनी पेन खाली ठेवलं.

प्रिन्सिपल थोडे नरमले. तुझे मार्क चांगले आहेत, नीडलवर्क खोडून रकाना कोरा ठेवू, असं म्हणाले. एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं, हे आजही मला लोक सांगतात.

"कोरा नको," मी म्हणाले. "जे करते ते लिहू द्या. नाहीतर सीट नको."

मग बाईंनी स्वतःचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

आठवड्याने यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. अण्णा सोबत आले होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी नावाखाली बोट धरलं. ते खुलले. फ्रॉक आवडला ना त्यांना, त्यामुळंच झालं ना, असं विचारलं. लेबलाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. हो म्हणायला काहीच जात नव्हतं. तीन दिवस बसले होते ते.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "फ्रॉकमुळं नाही. माझ्या कामामुळं."

त्यांचा चेहरा उतरला. त्या वाक्याचं मला वाईट वाटतं, पण लाज आजही वाटत नाही. ते पुढं चालायला लागले, बसस्टॉप मागे टाकून तसेच चालत राहिले आणि मीही मागोमाग. बऱ्याच अंतराने थांबले.

"मग ते काम म्हणजे तू मशीनला नेमकं काय करतीस," ते म्हणाले, "मला स्वल्प नीट सांग बघू."

घरापर्यंतचा रस्ता लांब होता. मी सुईपासून सुरुवात केली.