माजघरातला लंडनचा खर्ज

आमचे आबा वारल्यानंतर वर्षभराने पुन्हा घोरू लागले.

आबा म्हणजे माझे चुलते. आई-वडील आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे मला आणि माझ्या धाकट्या भावाला, सुनीलला, आबा आणि काकींनीच वाढवलं. घर कुपवाडला, कारखान्यांच्या मागच्या अंगाला. घराच्या माजघराला पाठ लावून एक शेड. त्या शेडमध्ये मी स्पीकरचे बॉक्स बनवायचो. लग्नाचे मांडव, गणपतीची मंडळं, यात्रेतले तमाशे, सगळीकडे माझे बॉक्स बोंबलायचे. त्यामुळे आवाजातलं आपल्याला सगळं कळतं, असा एक समज होता. (समज फक्त माझा होता.)

सुनील लंडनला होता. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार, अशी तेव्हा बोंब उठली होती, आणि ते पडू नयेत म्हणून जी माणसं तिकडं नेली त्यात आमचा सुनील. त्या उन्हाळ्यात तो रजेवर आला तो लग्न जमवायलाच. साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांची मुलगी वैशाली त्याला पसंत पडली होती, तिलाही तो पसंत होता. आता सुभेदार आमचं घर बघायला येणार होते. तोवर सुनीलने बॅगेतून एक कॅसेट काढली.

मी माजघरातल्या टेपवर लावली. आधी बारीक टिक, टिक. मग काच तडकावी तशी एक टाळी. मग लांबून एका बाईचा अर्धाच शब्द आला आणि विहिरीत पडल्यासारखा घुमत घुमत विरून गेला. मग काही नाही. मग पुन्हा टिक.

"कोरी आहे का रे?" मी विचारलं.

"दादा, गाणं चालू आहे."

"कुठं?"

"खाली."

मी खाली बघितलं. खाली फरशी होती.

"खालचा सूर, दादा! खर्ज! ह्या डबड्याला तो झेपत नाही." मग त्याने सगळं सांगितलं. दक्षिण लंडनात तो राहतो तिकडं काही पोरं एका उंच इमारतीच्या गच्चीवर एरियल लावून चोरून रेडिओ चालवतात, त्यावरनं त्याने हे भरून घेतलं होतं. मूळ खोड जमैकाच्या लोकांची. गाणं घ्यायचं, गाणारा काढून टाकायचा, बाजा काढून टाकायचा, नुसता ढोल आणि खर्ज ठेवायचा, आणि मधूनच एखादा शब्द पोकळीत सोडून द्यायचा. त्याला डब म्हणतात. जमैकाची माणसं लंडनात स्थायिक झाली, त्यांच्याबरोबर त्यांचे कपाटाएवढे स्पीकरही आले. आता तिथली नवी पोरं नाचाच्या गाण्यांवर तोच प्रयोग करत होती.

"म्हणजे बँडातली सगळी माणसं घरी पाठवायची आणि ढोलवाल्याला एकट्याला ठेवायचं?" मी म्हणालो.

"हां. आणि त्यालाही सांगायचं, निम्म्या चालीनं वाजव. रेकॉर्डच्या एका अंगाला गाणं असतं, आणि पाठच्या अंगाला त्याच गाण्याचं..." तो शब्द शोधू लागला.

"भूत?" माझी बायको सुमन कणीक मळता मळता म्हणाली.

"बरोबर वहिनी. भूत."

"आणि ह्या नव्या प्रकाराचं नाव काय?" मी विचारलं.

"अजून ठेवलं नाही कुणी."

बारसं न झालेलं भूत घरात आलं होतं, आणि मी काय केलं? त्याला राहायला घर बांधून दिलं! जाड प्लायवूडचा, माणूस उभा मावेल एवढा बॉक्स. आत मोठ्या परातीएवढे स्पीकर. शेडमध्ये तो माजघराच्या भिंतीला टेकवून ठेवला, कारण दुसरीकडं जागाच नव्हती.

पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर दोघंही "जरा पडतो" म्हणून शेडमध्ये गेलो. कॅसेट लावली. शेजारच्या कारखान्यातला पत्रा कापायचा प्रेस धाडधाड चालू होता. आमची शेड एका बाजूने सताड उघडी. टिकटिक आली, टाळी आली, बाईही विहिरीत पडली. खर्ज काही येईना.

"वाढव," मी म्हणालो.

सुनीलने वाढवलं. काही नाही.

"अजून वाढव."

मी बॉक्सला कान लावला, गुडघे टेकून आत डोकं घातलं. आणि असा जीव खाऊन खर्ज शोधत असताना सुमन दारात आली. तिची चाहूल लागताच आम्ही मशीन बंद केलं. (मांडवाच्या बॉक्सची कामं पडली असताना आम्ही खेळतोय हे तिला कळलं असतं, तर भुताचं काही खरं नव्हतं.)

"अहो, आत या. तांब्या चालला."

"कुठं चालला?"

"कडेला! फडताळावरनं!"

आम्ही माजघरात जाऊन बघितलं. तांब्या गप. फडताळ गप. मी तांब्याला हात लावून खात्री केली, फडताळ हलवून बघितलं आणि म्हणालो, "उन्हाचं होतं असं." काय होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांची तसबीर वाकडी झाली. सुमनने सरळ केली. ती तिच्या डोळ्यांदेखत परत वाकडी झाली. मग रोज काहीतरी सुरू झालं. ताटं एकमेकांशी कुजबुजायला लागली. पाण्याच्या हंड्यात कुणी बोट बुडवल्यासारखी वर्तुळं उठायची. शेजारच्या कुत्र्याने आमच्या दारात येणं सोडलं. आणि हे सगळं कधी? तर टळटळीत दुपारी, बारा वाजून गेल्यावर, म्हणजे ज्या वेळेला गेलेली माणसं हिंडतात असं आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलंय त्याच वेळेला! सुमन दर वेळी शेडकडं धावत यायची, आम्ही मशीन बंद करायचो, तिच्याबरोबर जायचो आणि घर आपलं शहाण्यासारखं शांत.

"तुमचं ते खोकं नव्हे ना करत?" तिने एकदा विचारलं.

मी हसलो. "अगं, जे खोकं मला स्वतःला ऐकू येत नाही, ते तुझे तांबे हलवणार?"

काकींना मात्र काही विचारायचंच नव्हतं. काकी मूळच्या कवठे महांकाळच्या. आबा गेल्यापासून त्या माजघरातल्या पलंगावर नुसत्या पडून असत. डोळ्याला डोळा लागत नसे. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली, जवळ बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वसंता, भिऊ नगंस. त्ये हायती."

"कोण?"

"कोन मंजी? तुझं आबा. घोरत्यात." त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. "आदी घोंऽऽ. मग थांबत्यात. मग परत घोंऽऽ. मी चाळीस वरसं ऐकलंय रं. मला कळंना व्हय?"

मी भिंतीपासून जरा लांब सरकलो. "मग तुम्ही काय करता?"

"म्या काय करनार? म्या बी झोपते की. लय दिसांनी झोप लागती बग."

आणि खरंच, काकींचा चेहरा टवटवीत दिसत होता. मी मात्र त्या दिवसापासून माजघरातून जाताना तसबिरीकडं बघायचं टाळू लागलो. सुमनने दिवा लावला, अंगारा लावला. सुनीलला मी सांगितलं, "आता ते खोकं राहू दे, बिघडलेलंच आहे. घरात काय चाललंय बघतोयस ना?" त्याने मान डोलावली.

सुभेदार यायचे होते त्या दिवशी चारला. आले बाराला! "जागा बघायची तर न सांगता बघावी, असं आम्ही फौजेत शिकलो," असं म्हणत ते पायऱ्या चढले. बरोबर वैशाली. मी नुकताच आंघोळ करून बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत बाहेर आलो होतो. सुनील केस कापायला गेलाय, अशी माझी समजूत होती. सदरा घालायलाही न जाता मी पाहुण्यांना आत नेलं, आणि बैठकीत पंखा बंद असल्याने कुठं नेलं? माजघरात. काकींच्या पलंगासमोर, आबांच्या तसबिरीखाली.

सुमनने पाणी आणून स्टुलावर ठेवलं आणि शिरा करायला गेली. सुभेदारांनी भिंतीवर थाप मारली. "पक्कं बांधकाम आहे."

"आबांनी बांधलंय," मी म्हणालो.

आणि सुरू झालं.

ते चालू असताना मी स्वतः तिथं असण्याची ती पहिलीच वेळ. कानांना काही ऐकू येत नव्हतं. छातीला येत होतं. कुणीतरी आतून हात घालून काळीज हळूच दाबावं, सोडावं, परत दाबावं, तसं. दातांत मुंग्या आल्या. हवा घट्ट झाली. स्टुलावरचा पेला थरथरला, जागचा सुटला आणि एक एक बोट सरकत सुभेदारांच्या दिशेने निघाला. बोलायचं सगळ्यांचं थांबलं. आणि त्या शांततेत भिंतीच्या आतून, खोलवरून आलं, घोंऽऽ. थांबलं. परत घोंऽऽ.

सुभेदार साताऱ्याचे. कोयनेचे धक्के खाऊन मोठे झालेले. त्यांनी लगेच वर बघितलं. "भूकंप म्हणावा तर पंखा डोलत नाही," ते पुटपुटले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "मग हे काय आहे?"

तसबीर वाकडी झाली.

पलंगावरून काकींनी डोळे न उघडताच सांगितलं, "बसा की पावनं. आमचं मालक हायती. दुपारचं जरा पडत्यात."

"मालक? म्हणजे ह्यांचे आबा? ते तर..." सुभेदारांनी तसबिरीकडं बघितलं. तिला हार होता.

"व्हय. गेल्यासाली वारलं."

पुढे काय झालं याबद्दल घरात दोन मतं आहेत. माझं मत असं की, मी पाहुण्यांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी पुढं होऊन वाट मोकळी केली. बाकी सगळ्यांचं मत असं की, मी "आबा, मी नाही! मी नाही!" असं ओरडत सुभेदारांच्या पायावर पाय देऊन, शिऱ्याचं ताट घेऊन येणाऱ्या सुमनला गोल फिरवून, उंबरा न शिवता सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो. थांबलो तो थेट रस्त्यावर, प्रेसवरच्या डबा खाणाऱ्या कामगारांच्या घोळक्यात, बनियनवर! मागून सुभेदार आले. म्हातारीला, बायकोला आणि भावाच्या होणाऱ्या बायकोला मी भुताच्या हवाली केलंय, हे मला तिथं आठवलं.

"चलो, वापस," सुभेदार दरडावून म्हणाले. "लेडीज आत आहेत!"

पण वैशाली आपल्या पायांनी बाहेर आली होती. ती ओसरीवर वाकून जमिनीला तळवा लावून बघत होती. "इथं काही हलत नाही," ती म्हणाली. "त्या भिंतीमागं काय आहे?"

"माझी शेड. पण ते बिघडलेलं..."

ती माझं ऐकायला थांबलीच नाही. आम्ही मागून गेलो. शेडमध्ये आमचा सुनील! केस न कापता, पाठमोरा, डोळे मिटून, दोन्ही हात त्या खोक्यावर टेकवून उभा. प्रेस थांबला होता, कामगार जेवायला बाहेर होते, आणि तेवढ्या शांततेत पहिल्यांदाच मला माझ्या खोक्याचा खर्ज ऐकू आला.

"दादा!" तो वळला. "चालतंय! रोज प्रेसच्या आवाजात कळत नव्हतं! उघड्या शेडमधनं आवाज निघून जातो, पण भिंतीपलीकडं, बंद खोलीत तो नक्की साठत..." एवढ्यात त्याला वैशाली दिसली, आणि तिच्यामागे सुभेदार.

वैशालीने खोक्यावर हात ठेवला. "हे काय आहे?"

"गाणं."

"ह्यात गाणं कुठंय?"

"काढून टाकलंय."

ती आधी हसू दाबत होती. मग खोक्याला टेकून खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत. पट्ट्यापट्ट्यांपाशी जरा जास्त वेळ.

खरी पंचाईत पुढेच होती. काकींना सांगायचं कुणी? सुनीलच आत गेला, पलंगाशी खाली बसला आणि चाचरत सगळं सांगितलं. शिऱ्याची वाफ गेली. सुभेदारही उभेच.

"मंजी त्ये न्हवतं व्हय," शेवटी काकी म्हणाल्या.

"नाही, काकी. चुकलं आमचं."

काकींनी पदराने तोंड पुसलं. आम्हाला वाटलं, आता रडतील. त्या भिंतीकडं वळून झोपल्या आणि म्हणाल्या, "न्हवतं तर न्हवतं. आवाज त्येंचाच हाय. लाव जा परत. आन त्या बाईला तेवडी काढ मधनं, सारकी हिरीत पडती मेली."

लग्न जमलं. निघताना सुभेदारांनी मला बाजूला घेऊन निकाल सांगितला. "घर पक्कं आहे. मुलगा सरळ आहे. काकींसारखी बाई तर रेजिमेंटला पाहिजे होती. तुम्ही मात्र लग्नाच्या दिवशी मागं उभे राहा."

सुनील रजा संपवून गेला, पुढं वैशालीही गेली. कॅसेट काकींकडेच राहिली आणि दुपारी वाजत राहिली, शेवटी फीत विरून तुटेपर्यंत. काही वर्षांनी लंडनहून त्याचा फोन आला. त्या आवाजाचं बारसं झालं होतं. डबस्टेप म्हणतात म्हणे. पोरं तिकीट काढून अंधाऱ्या तळघरात जातात आणि तो खर्ज छातीत भरून घेतात.

"आणि घाबरून पळतात?" मी विचारलं.

"नाही दादा. नाचतात!"

मी फोन ठेवून सुमनला हे सांगितलं. म्हटलं, बघ, लोक कशावर नाचतील याचा नेम नाही.

"तुम्हीही नाचलातच की," ती म्हणाली. "फक्त रस्त्यापर्यंत!"