पांढरं मेंढरू, दोन नंबर

मामा कोणतीही वस्तू आधी चिमटीत धरत आणि मगच तिच्याकडे बघत. सदऱ्याची बाही, मांडवाचं कापड, दवाखान्यातली चादर, काहीही. एकदा जत्रेत माझ्या हातातल्या गुलाबी साखरेच्या कापसाचा पुंजका त्यांनी ओढला, दोन अंगठ्यांच्या मधे ताणून पाहिला आणि म्हणाले, "लांबी हाय, मजबुती न्हाई. लिवा, दोन नंबर." माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या उपरण्याचं टोक चिमटीत धरलं आणि "पॉलिस्टर" एवढंच म्हणाले. पण म्हणाले ते नेमकं मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू व्हायच्या मधल्या क्षणी. वरमाय अजून आमच्याशी धड बोलत नाही.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मामा ग्रेडर होते आणि मी काट्यावर. मामा ते सगळ्यांचेच. गाडी काट्यावर आली की वजन लिहायचं, पावती फाडायची, पुढची गाडी घ्यायची, हे माझं काम. मामांचं काम त्याआधीचं. गाडीवर चढायचं, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका बाहेर काढायचा. धागा ओढून लांबी, मुठीत दाबून ओल आणि उन्हाकडे धरून रंग बघायचा. मग एक नंबर, दोन नंबर किंवा फरदड, यातलं एक बोलायचं, त्यावर भाव ठरे. फरदड म्हणजे हंगाम संपला तरी शेतात ठेवलेल्या कपाशीचा शेवटचा, आखूड, डागी माल. कोणी हुज्जत घातली की मामा गाडीवरून उतरता उतरता म्हणत, "दिला की दिला." तीस हंगामांत त्यांनी दिलेला ग्रेड बदलल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

गेल्या हंगामाच्या आधी माझ्या मुलीने पुण्याहून येऊन माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. मी तिला दिवसातून तीनदा फोन करू नये, हा त्यातला स्वच्छ हेतू. खेळ असा: रानात, पाण्यात, गुहेत चित्रविचित्र प्राणी सापडतात. ते पकडायचे, पाळायचे, लढवायचे. लढता लढता ते मोठे होतात, रूप बदलतात. गावोगावी एकेक वस्ताद बसलेला असतो, असे आठ. आठही हरवले की आपण जिंकलो. प्राणी शेकड्यांनी, पण सोबत नेता येतात फक्त सहा. बाकीचे गोदामात.

"फक्त सहा" हे वाचलं आणि मी वही काढली. तुमच्यापैकी ज्यांना किराण्याच्या यादीचीसुद्धा यादी करायची सवय आहे, त्यांना हे सांगावं लागणार नाही. रकाने पाडले: नाव, कुठे सापडतो, मोठा कधी होतो, कोणत्या वस्तादापुढे उपयोगी, त्रास किती. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत मामा काट्याच्या खोलीत पाणी प्यायला येत. त्यांनी वही उलटी धरून बघितली, मग सुलटी.

"काय हाय हे ताई? जनावरांचा बाजार?"

मी समजावून सांगितलं. मामांनी खुर्ची ओढली. "दाखवा. चालवून दाखवा आधी."

त्या दिवसापासून नावं मी ठेवायची आणि शेऱ्याचा रकाना मामांचा.

पहिला आला विस्तव्या. शेपटीला जाळ असलेला सरड्यासारखा प्राणी. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे सगळे खेळणारे त्याच्यावर जीव टाकतात. माझ्या वहीत त्याचे सगळे रकाने चांगले भरलेले होते. मामांनी एक नजर टाकली. "जाळ घेऊन फिरायलाय. ह्याला गेटावरच थांबवा."

"मामा, तो खेळातला जाळ आहे."

"आपल्याकडं काडीपेटी गेटावर जमा करतेत. ह्याची शेपटी कुठं जमा करणार?"

कापसाच्या ढिगांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाशी आगीच्या बाबतीत वाद घालता येत नाही. विस्तव्या गोदामात गेला. त्याच्यामागून आगीचा प्रत्येक प्राणी गेला. परिणामी बर्फाच्या वस्तादापुढे आम्ही अकरा दिवस मार खात होतो, आणि माझ्या मुलीने हे मैत्रिणींना सांगून माझी पुण्यात शोभा केली.

दुसरी गत अळीची झाली. ती पुढे उत्तम फुलपाखरू होते, झोप आणते, समोरच्याला लोळवते. मी हे सगळं वाचून दाखवलं. मामा ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा बोंडअळी बघितल्यासारखा होता. "अळी ती अळी. पोसायची न्हाई." एक कासव होतं, फार उशिरा मोठं होणारं, पण झालं की डोंगराएवढं. "फरदड," मामा म्हणाले. "शेत अडवून बसणार आन् हाती काय लागणार म्हाईत न्हाई." एक मोठ्या पंखांचा पक्षी होता, त्याचा वार जबरदस्त पण चारात एकदा लागायचा. "बोलतो लय."

एक नंबर मिळाला तो ढेकळ्याला. पहिल्याच गावाबाहेर सापडणारा, माती-दगडाचा, ना रूप ना रंग. त्याला दवा कमी लागायची, तो पडायचा नाही, कुरकुरायचा नाही. "ह्याला म्हणतेत माल," मामा म्हणाले आणि पडद्यावर ढेकळ्याला दोन बोटं लावली. चिमटीत येत नव्हता याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

तुम्हाला वाटेल की मामांना खेळातलं काही कळत नव्हतं. खरं म्हणजे आगीचा आणि अळीचा अपवाद सोडला तर त्यांचा प्रत्येक शेरा बरोबर निघाला. मी आकडे जुळवून दमायची. ते प्राणी दोनदा लढताना बघायचे आणि सांगायचे, हा दम धरतो, हा नुसता दिसतो.

मग मेंढरू. लोकरीच्या गोळ्यासारखं, अंगात वीज, रंग फिकट पिवळा. लोकर म्हणजे कापसाची सवत, म्हणून मामा आधी नाक मुरडून बसले. पण वीज कामाची होती. "दोन नंबर. पिवळं नसतं तर एक दिला असता." मी त्यांना सांगितलं की हेच मेंढरू क्वचित पांढरं सापडतं. माझी मुलगी चार वर्षं खेळते आहे, तिला एकदाही दिसलेलं नाही. मामा म्हणाले, "सापडू द्या. मग बघू."

ते डिसेंबरात सापडलं. दुपारची वेळ, काट्यावर गाडी नव्हती. गवतातून मेंढरू बाहेर आलं, अंगाभोवती चांदण्या चमकल्या, आणि दुधासारखं पांढरं स्वच्छ जनावर पडद्यावर उभं राहिलं. मी फोन मामांच्या पुढे धरला. शेरा त्यांचा, हा नियम होता.

मामांनी डोळे बारीक केले. "असली दोन हायेत आपल्याकडं. सोडा."

मला वाटलं चेष्टा करताहेत. "मामा, रंग बघा की."

"बघितला. पिवळट हाय. डोळे तपासून घ्या तुमी."

मी मेंढरू पकडलं आणि फोन उलटा ठेवला. मग खिडकीतून मैदानाकडे बघितलं. एक नंबरचा ढीग आणि दोन नंबरचा ढीग समोरासमोर होते. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस येण्याचे दिवस, म्हणजे एक नंबरचा ढीग चढायला हवा. गेले तीन आठवडे दोन नंबरचाच चढत होता. दवाने कापूस पिवळट पडतो, म्हणून मी ते दवावर ढकललं होतं.

खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा दुसरा नियम. आमच्या पावतीचा वरचा कागद पांढरा, शेतकऱ्याचा, आणि खालचा पिवळा, आमचा. संध्याकाळी मी दोन कोरे कागद मामांपुढे धरले. "मामा, यातला शेतकऱ्याचा कुठला?"

त्यांनी दोन्हीकडे बघितलं. मग दोन्ही चिमटीत धरले, चोळले. "हा. पातळ हाय तो."

उत्तर बरोबर होतं. पण ते बोटांनी दिलेलं होतं. कागद माझ्या हातात परत देताना मामा माझ्याकडे बघत नव्हते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून धूर दिसायलाय. लांबी सांगतो, ओल सांगतो. हाताला कळतं सगळं."

"रंग नाही कळत हाताला."

"न्हाई."

मी यादी केली. परभणीला डोळ्यांचं शिबिर कधी आहे, कोणती गाडी धरायची, कागद कोणते न्यायचे. आणि शेवटी लिहिलं: सोमवारपर्यंत शेठना सांगणे, तुम्ही नाहीतर मी. मामांनी ती यादी वाचायला दूर धरली, जवळ धरली आणि खिशात घातली. "ग्रेडरला दिसत न्हाई म्हनल्यावर त्याला कोण उभा करील ताई? गेटावरसुद्धा न्हाई." मी म्हटलं, रोज लोकांचा पांढरा कापूस तुम्ही पिवळा म्हणून उतरवता आहात, ते आधी थांबू द्या.

सोमवारी पहिलाच टेम्पो आला. मागे सहा-सात गाड्या, लोक गप्पा मारत उभे. मामा चढले, हात घातला, पुंजका काढला. लांबी बघितली, मूठ दाबली. मग उन्हाकडे धरून बराच वेळ उभे राहिले. शेवटी वरूनच मला हाक मारली.

"ताई, तुमी या. पांढरा हाय का बघा."

मी काटा सोडून बाहेर आले. मागून कोणीतरी म्हणालं, "काय मामा, आता वजन बी ताईच, ग्रेड बी ताईच?"

"डोळा गेलाय माझा," मामा म्हणाले. आवाज रोजचाच, ग्रेड सांगतात तसा. "पांढरा हाय का ताई?"

"पांढरा आहे."

"लिवा, एक नंबर." ते खाली उतरले, हात झटकले आणि सरळ शेठच्या खोलीत गेले. दुपारपर्यंत दुसरा ग्रेडर आला.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाली. दहाव्या दिवशी काळा चष्मा लावून मामा काट्याच्या खोलीत आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "दाखवा आपली सहा." एकेक बघत गेले. ढेकळ्या इतका मळका आहे हे त्यांना आधी दिसलं नव्हतं, पण ग्रेड तोच राहिला. मग पांढरं मेंढरू आलं.

"हे कुठून आणलं?"

"तुम्ही सोडा म्हणालात तेच."

मामांनी चष्मा काढला. फोन जवळ घेऊन बघत राहिले. शेरा दिला नाही. फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "दसऱ्यापासनं ज्यांना मी दोन नंबर दिला, त्यांची नावं काढा. गाववार."

"मामा, तो कापूस कधीच ढिगात मिसळला. गाठी बांधून गेल्या. आता काय करणार?"

"सांगणार."

शेठ म्हणाले, उगाच जुनं उकरू नका. मामा म्हणाले, मी तुमच्याकडं नोकरीला न्हाई आता. मी नावं काढली. खरोखर पिवळा कापूस कोणाचा होता आणि पांढरा कोणाचा, हे आता कळायचा मार्ग नव्हता. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वेचणीवाले सगळेच धरले, साठाच्या वर झाले. एसटीच्या मार्गाप्रमाणे लावून दिले, पुढे खूण करायला जागा सोडली.

मामा रोज दोन-तीन घरं करत. आठवड्यातून एकदा येऊन मला हिशेबी आवाजात सांगत. एकाने चहा पाजला. एकाने दारातूनच घातल्या शिव्या, "त्या बी एक नंबर व्हत्या." बहुतेक जण पावसापाण्याचं बोलले. पेडगावच्या एका शेतकऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मामा, घरात चला आणि हेच पुन्हा बोला. आत त्याची बायको भाकरी करत होती. कापूस दोन नंबर लागला म्हणून तो तिला महिनाभर बोलत होता, की तूच कचऱ्यासकट वेचलास. मामा चुलीपुढे उभे राहून म्हणाले, "बाई, तुमचा माल पांढरा व्हता. मला दिसत नव्हतं." ती बाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आता तू बोल की."

"मंग तो काय बोलला?" मी विचारलं. मामांच्या तोंडून ऐकता ऐकता मीही तशीच बोलायला लागले होते.

"काय बोलनार. भाकरी खाल्ली आमी दोगांनी."

होळीच्या आधी मामा पिंगळीला लेकीकडे गेले होते. तिथेच एका सकाळी उठले नाहीत. दिवसवारे झाल्यावर लेक माझ्याकडे येऊन ती यादी देऊन गेली. सदऱ्याच्या खिशात होती, घड्यांवर विरलेली. सगळ्या नावांपुढे खूण होती, फक्त एक सोडून. तिथे मामांच्या अक्षरात लिहिलं होतं: कुलूप. ऊसतोडीला गेलेत. परत जायचं.

अर्धवट यादी मला घरात ठेवता येत नाही. उन्हाळ्यात कारखाने बंद झाल्यावर मी त्या गावाला गेले. घर उघडं होतं. दारात एक बाई धान्य पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, मामांचं सांगितलं, त्यांच्या डोळ्यांचं सांगितलं. म्हटलं, "तुमचा कापूस पांढरा असणार. दोन नंबर चुकून लागला. मामांना ते तुम्हाला स्वतः सांगायचं होतं."

बाईने सूप खाली ठेवलं. "पांढराच व्हता," ती म्हणाली. "मीच वेचला व्हता न्हाई का. पर मामांनी पिवळा म्हनल्यावर घरी येऊन मी उरलेला उजेडात धरून बघितला. दोनदा. मंग मला बी पिवळाच दिसायला लागला."

तिने मला पाणी आणून दिलं. मी पेन काढलं आणि तिच्या नावापुढे खूण केली.