सुपडूची मूठ

निंबोल्यात सुपडूच्या मुठीला नाव होतं. केळीला खत द्यायचं तर सुपडूला बोलवा, असं तीस वर्षं चाललं. त्याची यूरियाची मूठ पन्नास ग्रॅमची. वाण्याच्या काट्यावर पैजा लावून तोलली, तरी दाणा इकडचा तिकडं नाही. पान पिवळं पडलं की मूठ टाकायची, आठ दिवसांत बाग हिरवागार. याच्या पलीकडं शेतीत शिकण्यासारखं काही असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

मग त्याच्याच बागेत मूठ लागू पडेना. ढेकळं दगडासारखी झाली, मुळ्या तपकिरी पडून कुजू लागल्या. मुलगा रितेश रोज बऱ्हाणपुरात दुकानावर जाणारा, त्यानं सरळ सांगितलं, केळी उपटू आणि वरची हातभर माती वीटभट्टीला देऊन टाकू. सुपडूला ते ऐकवेना. माती गेल्यावर त्याला शेत म्हणायचं कशाला?

सून तृप्ती शेतकी शिकलेली. तिनं नवऱ्याकडून दीड महिन्याची मुदत मागून घेतली. केळीच्या तीन ओळी तिच्या, आणि त्यांत यूरिया बंद. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत यूरियाचा ढीग पडला की त्याचा अमोनिया होतो, आणि मुळांना अन्न पोचवणारे जिवाणू त्यात मरतात, असं तिनं सासऱ्याला बसवून समजावलं. ती नायट्रेटचं खत द्यायची, तेही ठिबकमधून थोडं थोडं, आणि जोडीला जिवाणूंचं पाणी. त्यांचा जम बसेपर्यंत पानं पिवळी दिसतील, तेवढं सोसा, अशी विनवणी तिनं केली होती.

सुपडूला तेवढंच सोसवलं नाही. तीन आठवडे तो रोज त्या ओळींपुढं जाऊन उभा राहायचा. पिवळं पान म्हणजे त्याला उपाशी लेकरू. शेवटी एका सकाळी तृप्ती जिवाणूंचं पाणी आणायला शहरात गेली, आणि यानं तिन्ही ओळींत खोडाखोडाला एकेक मूठ टाकून वर पाणी सोडलं.

आठव्या दिवशी तृप्ती हिरवं पान हातात घेऊन पळत आली. "आबा, जिवाणू जगले," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. सुपडूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरं सांगायची वेळ तीच होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि याची मूठ तर गावानं तोललेली. मेल्यानं तोंड उघडलं नाही.

मुदत संपायला आली तोवर पानांच्या कडा करपल्या होत्या. तृप्तीनं कंदाजवळ उकरून पाहिलं, तर मुळ्या काळ्या आणि मातीला मातीचा वाससुद्धा नाही. या जमिनीत जिवाणू जगतच नाहीत, माझंच चुकलं, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. दोन दिवस ती जेवली नाही. तिचं भरलेलं ताट परत जाताना सुपडू दोन्ही वेळा बघत होता.

रविवारी भट्टीवाला जेसीबी घेऊन बांधावर आला, तेव्हा सुपडू यंत्रापुढं जाऊन उभा राहिला.

"मीनं टाकला यूरिया. तिन्ही ओळींत. पोरीचं काहीच चुकलं नही."

रितेश हसला. सुनेची लाज राखायला म्हातारा स्वतःवर घेतोय, असंच त्याला वाटलं. "आबा, तुमच्या मुठीनं केळी मेली? ये तो गांव में कोई नहीं मानेगा." भट्टीवालाही हसला, त्याच्या बापाच्या बागेला याच मुठीनं घड लागले होते. सुपडूनं देवाच्या, मेलेल्या आईच्या शपथा घेतल्या, पोटच्या पोराचे पाय धरले. रितेशनं त्याला दंडाला धरून, अगदी मायेनं, बाजूला केलं.

विश्वास बसला तो एकट्या तृप्तीचा. थांबा, असं तीही नवऱ्याला म्हणाली, पण एकदा चुकलेल्या सुनेचं कोण ऐकतं? जेसीबीचे दात मातीत घुसले, तेव्हा ती सासऱ्याशेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आबा, पान हिरवं झालं तेव्हा मी सगळ्यांत आधी तुमच्याकडंच आले होते," ती म्हणाली.