राजघाटावरचा कोरडा हत्ती

लोधीपुऱ्यातल्या लीलाधररावांना तापीचं सगळं कळतं, असं त्यांना स्वतःलाच वाटतं. बायकोला, म्हणजे सरुबाईंना, तसं कधीच वाटलं नाही. तापी इथून सुरतेला जाते, म्हणजे तिथला पूरही इथूनच जाणार, हे त्यांचं शास्त्र. राजघाटापाशी नदीतल्या दगडी हत्तीचे पाय कोरडे दिसले, की सुरतेजवळ समुद्रकाठी दिलेल्या लेकीला ते निर्धास्त करून टाकतात.

परवा त्या लेकीचा, भूमिकाचा, रडवेला फोन आला. वादळ येतंय, लाल इशारा आहे, समुद्र खिडकीपर्यंत चढेल, घरं सोडायला सांगितलीत. हे महाशय घाटावर जाऊन आले आणि म्हणाले, "टेन्शन नको घेऊ, हत्ती कोरडा आहे! घर सोडू नको."

सरुबाईंनी फोन हिसकावला. "अगं, पाणी समुद्राकडून येतंय आणि हे नदीकडे बघतायत! गॅस बंद कर, पोरं आणि कागदपत्रं घे, आणि आधी उंचावर जा."

भूमिका निघाली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरात खिडकीपर्यंत पाणी होतं.

"पण इथून तर थेंबही जास्त गेला नाही!" लीलाधरराव म्हणाले.

"चुकलंच समुद्राचं," सरुबाई म्हणाल्या, "तुमच्या हत्तीला विचारून यायला हवं होतं."