एका फोटोवरची दोन अक्षरं: मोखाडा-जव्हारची वारेमाप धास्तीची सफर

लोक जव्हारला धबधबे बघायला जातात. मी गेले दोन फॉन्टची जोडी जमते का ते बघायला, आणि तेही जानेवारीत, जेव्हा धबधब्यांच्या धारा करंगळीएवढ्या झालेल्या असतात.

झालं असं. माझी शाळेतली मैत्रीण सुरेखा मोखाड्यात, पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर शिक्षिका आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटाने नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू करायला घेतलेत आणि पुढच्या आठवड्यात नाशिकच्या प्रदर्शनात त्यांचा पहिलावहिला स्टॉल लागणार होता. त्याआधी ऑर्कुटवर टाकायला चित्रं हवी होती: गटातल्या बाईचा फोटो, वर ठसठशीत ओळ, खाली माहिती. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करण्यात माझी वर्षं गेली, पण अनोळखी माणसं पडद्यावर बघणार म्हटल्यावर धास्ती वाटली. कितीतरी जोड्या लावून पाहिल्या. शेवटी वरच्या ओळीला जाड, काळं, उभ्या बांध्याचं अक्षर घेतलं आणि खाली बारीक, सडसडीत. आमच्या धंद्यातला साधा ठोकताळा आहे: शेजारी बसवायची दोन अक्षरं एक तर एका घरातली, म्हणजे एकाच फॉन्टची जाड-बारीक रूपं असावीत, नाहीतर सरळ वेगळी. जराशी वेगळी असली की बघणाऱ्याला चूक वाटते. मला वेगळी आवडली. सुरेखा म्हणाली, मेल करू नकोस, प्रिंट घेऊन ये. फोटो बायकांचे आहेत, त्यांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

नाशिकहून जव्हारची सकाळची एसटी धरा. त्र्यंबक सोडलं की तोरंगणचा घाट लागतो. वळणं पोटात ढवळणारी आहेत, तेव्हा नाश्ता बेतानेच करा. खिडकीशेजारी बसलात तर तांबडी धूळ फुकट. मी प्रिंटची फाइल मांडीवर घेऊन बसले होते आणि दर वळणाला ती उघडून बघत होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं, कोर्टाचं काम हाय का? मी नाही म्हटलं, पण माझा चेहरा तसाच असणार.

पाड्यावर बायका सुरेखाच्या ओट्यावर जमल्या होत्या. गटाचा कणा म्हणजे जानकीबाय. लाडवाचा पाक तिच्या हातचा, त्यामुळे सुरेखाने काढून पाठवलेला फोटोही तिचाच: हातात ताट, चेहऱ्यावर मोकळं हसू. वर मी लिहिलं होतं, ‘डोंगरातली ताकद’. प्रिंट हातोहात फिरला. जानकीबायने तो बराच वेळ पाहिला, मग जमिनीवर पालथा ठेवला. फाट्याला जायचं आहे म्हणाली आणि उठून गेली. मागे राहिलेल्या बायकांनी सांगून टाकलं की ती नसेल तर नाशिकला कोणीच येणार नाही.

त्या संध्याकाळी सुरेखाने नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी वाढली. ती चटणी कुठे मिळाली तर सोडू नका. माझं लक्ष मात्र जेवणात नव्हतं. फोटो वाईट आला? ओळ आगाऊ वाटली? माझ्या हौसेपायी आठ-दहा बायकांचा स्टॉल बुडतो की काय, याची मला खरोखर भीती वाटत होती.

सकाळी जानकीबाय आपणहून आली. ओट्याच्या कडेला बसली आणि सुरेखाला नाही, मला म्हणाली,

“त्या टायमाला पन फोटू काढलेला. सुमन मांडीवर होती, नुसती हाडा. शहरातली मानसा आलेली. मंग पेपरात आला. वर असाच जाडा काळा लिवलेला, खाली बारीक. गुरुजींनी वाचून दाखवला. माझा नाव नव्हता, पोरीचा पन नव्हता.”

मी विचारलं, मग काय लिहिलं होतं?

“एक माता, असा.”

त्या वर्षी इकडच्या पाड्यापाड्यांत कुपोषणाने किती मुलं गेली हे मी नाशिकला बसून वाचलं होतं. सुमन वाचली. आता जव्हारला वसतिगृहात राहून दहावीला आहे. तिच्या मैत्रिणी सायबर कॅफेत जाऊन कंप्युटर बघतात, हे जानकीबायला ठाऊक होतं.

“तिना आपल्याला परत तसा बघू नये,” ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. अक्षर चुकीचं नव्हतं, जोडीही जमली होती. फक्त त्या जोडीला या ओट्यावर आधीच एक चेहरा होता, पेपरातल्या ‘एक माते’चा, आणि मी जानकीबायच्या हसण्यावर तीच जोडी चढवली होती.

आम्ही तिघी काळ्या-पिवळ्या जीपने जव्हारला गेलो. (जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.) बसस्टँडजवळच्या कॅफेवाल्याने आधीच बजावलं की दुपारी लाइट जाणार. फॉन्ट आणि फोटोंची सीडी मी बरोबर आणली होती. घाईघाईने एक गोलसर, मध्यम वजनाचं अक्षर घेतलं आणि खाली त्याच घरातलं हलकं. कुठेही ओरडा नाही. सुरेखा म्हणाली फिकं दिसतंय. मलाही तीच धाकधूक, की पडद्यावर असल्या शांत चित्रापाशी थांबणार कोण? वर काय लिहायचं ते मी जानकीबायलाच विचारलं. ती म्हणाली,

“माझा नाव लिवा. लाडू खाली लिवा. लाडू सगलीच करतात.”

नाव टाइप केलं, जागेवर सरकवलं, आणि सेव्ह करायच्या आत लाइट गेली. कॅफेवाला म्हणाला, आता संध्याकाळीच. माझी परतीची गाडी त्याआधीची. मधला वेळ शिरपामाळावर काढला. सुरतेच्या वाटेवर महाराज थांबले होते ती जागा. वारा छान, दरी मोठी, सावली कमी, पाणी बरोबर न्या. मला त्यातलं अर्धंही दिसलं नाही. निघताना म्हटलं, आता घरी जाऊन करीन, पण तुम्ही बघितलेलं नसेल. जानकीबाय म्हणाली, “करा ताई. आता तुमाला ठावं हाय.” त्याने माझी धास्ती कमी होण्याऐवजी वाढलीच.

घरी येऊन तेच चित्र पुन्हा केलं. किती वेळा, ते विचारू नका. ऑर्कुटवर टाकलं, आणि दर थोड्या वेळाने बघत बसले. कुणी काही लिहीना. सुरेखाचा फोन नाही, जानकीबाय नाशिकला येणार की नाही, पत्ता नाही. फॉन्टबद्दल मला सल्ला विचारणाऱ्यांना आता मी आधी एकच सांगते: जोडी नंतर लावा, ही अक्षरं त्या माणसांनी आधी कुठे पाहिलीत ते विचारून या.

स्टॉलच्या आदल्या दिवशी चित्राखाली एक ओळ आली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, माझ्या फॉन्टपैकी एकही न वापरलेली, कुणा मैत्रिणीच्या खात्यावरून.

‘ही माझी आई आहे. मी सुमन. उद्या आईबरोबर नाशिकला येते.’