रतनबाईचं नाव कंसात गेलं

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहायला बसतो मी, बावीस वर्षं झाली. हनुमंतच्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. पण रतनबाई समोर आली की माझी बोलती बंद होते, आणि त्याला कारण मीच आहे.

डोंगरपट्ट्यातली ही बाई, पन्नाशीला आलेली. नवरा अंगद वारला तेव्हा त्याचं दोन एकर रान वारस म्हणून हिच्या नावावर लागलं. वर्ष उलटलं आणि दीर आबासाहेबानं कागद बाहेर काढला. अंगदनं म्हणे मृत्युपत्र करून रान भावाला दिलंय! अहो, अंगद शेवटी दोन महिने पाण्याचा पेलासुद्धा हातात धरत नव्हता, तो सही कुठून करणार? रतनबाईनं कोर्टात दावा टाकला. टाकल्या टाकल्या माझ्याकडं आली.

"भाऊ, आता कोर्टात हाय म्हंजी रानाला कुनी हात लावनार न्हाई ना?"

"कोर्टातल्या जमिनीला कोण हात लावतोय? बिनघोर जा ऊसतोडीला," मी म्हणालो.

वकिलाला मनाई हुकमाचं विचार, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. नाही सांगितलं. मोठा शहाणा मी!

दिवाळी झाली तशी ती लेक-जावयाबरोबर कोपरगावकडं ऊसतोडीला गेली, मोळ्या बांधायला. जाताना घराची किल्ली दिली कुणाकडं? जावेकडं, भीमाबाईकडं, म्हणजे त्याच आबासाहेबाच्या बायकोकडं. आमच्याकडं तोडीला जाणारं माणूस किल्ली भावकीत ठेवून जातं, देव अंधारात राहू नये म्हणून. मला हे कळलं ते उन्हाळ्यात, तेव्हा मी ओरडलोच, "अगं बाई, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?"

"भांडन रानाचं हाय भाऊ, देवाचं न्हाई," ती म्हणाली.



तिकडं ती पहाटेपासून मोळ्या बांधत होती आणि इकडं आबासाहेबानं मृत्युपत्रावरून फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायला, अर्ज दिला. पौषात नोटीस निघाली, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. कोतवाल नोटीस घेऊन रतनबाईच्या दारात गेला. दार उघडं, भीमाबाई आत दिवा लावत होती. घरातलं जाणतं माणूस म्हणून तिनं अंगठा दिला, नोटीस घेतली आणि ती चुलीत घातली की कुठं, देव जाणे. पंधरा दिवस सरले. हरकत आली नाही. नोंद मंजूर झाली. सातबाऱ्यावर आबासाहेबाचं नाव चढलं आणि रतनबाईचं कंसात गेलं. कंसात गेलं की संपलं, त्या नावाला कुणी विचारत नाही.

कोरा सातबारा दाखवून आबासाहेबानं महिनाभरात रान एका वीटभट्टीवाल्याला विकून टाकलं.

रतनबाई चैत्रात परतली ती बांधावर पोकलेन बघूनच. काळी माती भरभरून डंपर चालले होते. ती पोकलेनसमोर आडवी झाली. पोलीस आले, त्यांनी तिला उचलून बाजूला बसवलं, "दिवाणी मामला आहे मावशी," म्हणाले आणि गेले. मग मी तिला कचेरीत नेलं. कारकून म्हणाला, "दावा चालू आहे हो, पण कोर्टाची मनाई कुठंय? मनाई नसली की नोंद थांबत नाही. प्रांतसाहेबांकडं अपील करा."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचाच जास्त राग आला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. त्या आंधळ्यांत मीही होतो.

अपील मी लिहिलं, फुकट लिहिलं. वकिलानं आता कुठं मनाईचा अर्ज टाकला. त्यावर तारीख पडली, मग दुसरी पडली. डंपर काही तारखेला थांबले नाहीत.

परवाच्या सोमवारी ती आली आणि समोर उकिडवी बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तेच बघवेना.

"भाऊ, खरं सांगा. निकाल माझ्या बाजूनं लागंल?"

"लागेल. मृत्युपत्र खोटं आहे, आज ना उद्या लागेलच."

"मंग नाव परत यील?"

"येईल."

"आन माती?"

मी पेनचं टोपण लावलं.

"पुरुषभर खड्डा पडलाय. खाली नुसता खडक हाय," ती म्हणाली. "नाव माझं मेल्यावर लागलं तरी चालंल. एक अर्ज लिवा भाऊ, माती तेवढी आनून टाका म्हनावं. पाऊस पडायच्या आत. बाजरी पेरायचीय."

हजारो अर्ज लिहिले असतील मी. कागद घेतला, वर 'प्रति' लिहिलं आणि त्यापुढं कुणाचं नाव घालावं ते मला सुचेना. ती वाट बघत होती.