टेरीच्या गुडघ्याचा सत्कार

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, कारण नंतर माझ्याच्याने घोट गिळवत नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसाचं करिअर संपलं. तेही शाल-श्रीफळ देऊन.

दोन हजार सहाची गोष्ट. अमेरिकेत नोव्हाय गावात आमच्या वरच्या मजल्यावर टेरी राहायचा. इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू, मिडफिल्डर. उमेदीची वर्षं तिकडे खेळून उतारवयात इथल्या एका छोट्या क्लबमध्ये आलेला. उतारवय म्हणजे छत्तीस हं, आपण त्या वयात नुकतं कुठे घर घेतो. शनिवारी आमच्या मराठी मंडळाच्या पोरांना फुकट शिकवायचा. जाता-येता जिन्यात आमची सुखदुःखं चालायची.

एकदा म्हणाला, "यार, अजून एक सीझन मिळायला हवा. मला दुसरं काही येत नाही." यार हा शब्द माझ्याकडूनच उचललेला.

म्हटलं, आपण आहोत ना. गणपतीत त्याचा सत्कार ठेवला आणि त्याच्या क्लबच्या मॅनेजरला पहिल्या रांगेत बसवलं. साहेबांसमोर चार माणसांत कौतुक झालं की काम फत्ते, हे आपल्याला काय कुणी शिकवायला हवं?

बायको म्हणाली, "अहो, आटोपशीर बोला."

कसलं आटोपशीर. हालअपेष्टांशिवाय सत्काराचं भाषण होतं का, तुम्हीच सांगा. टेरीच्या लहानपणी ना रॉकेलचा दिवा, ना अनवाणी शाळा. मग मी गुडघा काढला. मॅनेजरकडे बघत, खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "हा माणूस कठडा धरून एकेक पायरी उतरतो. रोज गुडघ्याला बर्फ लावून बसतो. वाटी पार झिजली आहे, तरी तुमच्यासाठी मैदानात उतरतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळातल्या काकूंनी डोळे पुसले. मॅनेजर मात्र टेरीच्या पायाकडे बघत होता. टेरी शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसला होता. तोंडावरचा रंग पार उडालेला.

गुडघा त्याने क्लबपासून लपवला होता हो. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरी तपासणी झाली आणि क्लबनेही त्याला नारळ दिला.

"लोक निवृत्त झालेल्या माणसाचा सत्कार करतात," बायको म्हणाली. "तुम्ही सत्कार करून निवृत्त केलंत."

इंग्लंडला परत जायच्या दिवशी तो दारात आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने खांद्यावर हात ठेवला.

"जायच्या आधी तुझ्या बॉसला भेटेन म्हणतो," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलावेत."

हसला नाही. आमच्या कंपनीत तेव्हा ले-ऑफ चालू होते. आणि रोज दुपारी मी पार्किंगमध्ये गाडीत तासभर झोप काढतो, हे मीच त्याला जिन्यात मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.